सातवा घोस

निरुपमाबाईंनी दांडीवरचा टॉवेल उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "झालं, हाही गेला."

कालच धुतलेला पांढराशुभ्र टॉवेल, आणि त्याच्या मधोमध पिवळट हिरव्या बोटांचे ठसे. दिवाळीपासूनचा हा सहावा. टोमॅटोच्या झाडाला हात लागला की बोटांना एक चीक चिकटतो. तो दिसतो काळपट, साबण लावला की फेस हिरवा होतो, आणि टॉवेलला लागला की सोड्यालाही दाद देत नाही. वरच्या मजल्यावर हेरंबभावजींचे टॉवेल असे असणारच. त्यांचा जीवच सध्या टोमॅटोत होता. पण हा टॉवेल खालच्या मजल्यावरचा होता. आणि खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तर मागच्या पॉलिहाऊसचं तोंडही पाहणार नाही असं चारचौघांत सांगितलं होतं.

त्याला दीड वर्ष झालं. बडोद्याच्या अकोटा भागातल्या या बंगल्यामागच्या प्लॉटवर बापूसाहेबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, हाताने लावलेलं रामफळाचं झाड होतं. वसंतराव, म्हणजे हेच गृहस्थ, चार दिवस सुरतेला बहिणीकडे, उषाकडे गेले आणि परत येऊन बघतात तो झाडाच्या जागी खुंट! हेरंबने पॉलिहाऊससाठी जागा मोकळी केली होती. वसंतराव खुंटाशी बराच वेळ उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "आधी विचारायचं असतं." त्यावर हेरंब म्हणाला, "विचारलं असतं तर हो म्हणाला असतास?" बस, एवढंच. तिथून दोघा भावांचा अबोला सुरू झाला.

सबनिसांकडे भांडणाला आवाज नसतो. पणजोबांपासून सगळे संस्थानच्या कचेऱ्यांत वाढलेले. रागसुद्धा टपालाने पाठवणारी माणसं. सणाला दोघे भाऊ शेजारी शेजारी पानावर बसत. मधे वरणाची वाटी असे, आणि हेरंब म्हणे, "वहिनी, दादांना वरण हवंय का विचारा." निरुपमाबाई विचारत. वसंतराव म्हणत, "नको म्हणावं." निरुपमाबाई ते नको वीतभर अंतरावर पोहोचवत. पहिले दोन महिने त्यांना हसू यायचं. नंतर नंतर हात दुखावा तसं मन दुखायला लागलं.

आणि म्हणूनच ऑक्टोबरातल्या त्या सकाळी त्या दारामागे लपून पाहत राहिल्या होत्या. हेरंब मकरपुऱ्याच्या कारखान्यात. त्याची बायको चारुलता शाळेत शिकवायला. अकराचा ठोका पडला आणि वसंतराव बापूसाहेबांची काठी घेऊन मागच्या दाराने निघाले. प्रतापनगरच्या रेल्वे ऑफिसात पस्तीस वर्षं काढलेला माणूस, अकरा म्हणजे अकरा. पॉलिहाऊसची दोन्ही जाळीची दारं एकामागून एक लावून ते आत शिरले आणि काठीने वरच्या तारांवर ठोकू लागले. एक ओळ झाली की दुसरी. प्लास्टिकपलीकडे त्यांची सावली हलत होती. बाई घाबरल्याच.

"रामफळाचा सूड उगवताय का?" ते बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

वसंतराव ओशाळले. मग पायरीवर बसून म्हणाले, "गेल्या वर्षी त्याची फुलं का गळली माहीत आहे? चारशे झाडं, फुलांनी लगडलेली, आणि झाडामागे अर्धा किलोसुद्धा माल नाही. त्याला वाटलं खत कमी पडलं. मी कमाटीबागेत मोहनरावाला विचारलं. तो शेतकी कॉलेजात होता ना. तो म्हणाला, आत वारा जातो का? नाही. माशी जाते? नाही. मग फुलातले पराग झटकायचे कुणी? सकाळचं दव वाळलं की दहा-अकराच्या सुमारास तारा हलवायच्या. बस, एवढंच!"

"मग भावजींना सांगा ना."

"कसा सांगू? बोलतो का मी त्याच्याशी?"

"मी सांगते."

"तू सांगितलंस म्हणजे मीच सांगितल्यासारखं."

"अहो, पण—"

"कुणाला बोलायचं नाही, निरुपमा."

आणि त्या बोलल्या नव्हत्या. तीन महिने, घरात सुट्टी असेल तो दिवस सोडून, रोज अकरा ते साडेअकरा त्या तारांची ठकठक ऐकत त्यांनी भाजी चिरली होती. वर हेरंबभावजी सगळ्यांना सांगत सुटले होते की यंदाचा चमत्कार बोरॉन या खताचा. गेल्या वर्षी बोरॉन कमी पडलं होतं, यंदा मोजून दिलं. जेवताना हे बोरॉनपुराण निघालं की वसंतराव खाली मान घालून भात कालवत.

आज चौदा जानेवारी, उत्तरायण. आज कमूरतं संपत होतं. महिनाभर गुजरातेत कुणी शुभकार्याला हात घालत नाही, तेव्हा बिल्डर गुणवंतभाईंनीही सांगून ठेवलं होतं, उत्तरायणाला चार वाजता येतो, तोंड गोड करू आणि प्लॉटचं पक्कं करू. बापूसाहेबांच्या मृत्युपत्राप्रमाणे तिघा भावंडांच्या सह्या हव्या होत्या. उषाची तयारी होती. वसंतरावांनी गेल्या भाऊबीजेला ओवाळून घेताना उषाला शब्द दिला होता. आणि दोघांपुढे हेरंब एकटा पडला होता. त्याने निरोप पाठवून एवढंच मागितलं होतं, सही करण्याआधी दोघांनी एकदा आत येऊन झाडं बघावीत. वसंतरावांचा निरोप परत गेला होता, "बघू म्हणावं."

निरुपमाबाईंनी टॉवेल बादलीत टाकला. हा माणूस रोज अकराला जाऊन जे जगवतो तेच चार वाजता देऊन टाकणार होता, आणि दोन्ही गोष्टी मनापासून. त्याला काय म्हणावं हे त्यांना बेचाळीस वर्षांच्या संसारातही कळलं नव्हतं.

*

उषा सकाळच्या गाडीने सुरतेहून आली ती पोंकाची पिशवी घेऊन. ज्वारीचा तो कोवळा हुरडा सुरतेचाच लागतो असं ती दरवर्षी म्हणे आणि दरवर्षी वसंतराव म्हणत, "बडोद्यालाही मिळतो." तेवढं झालं की सण सुरू झाला असं धरायचं.

गच्चीवर ऊन होतं आणि वारा छान सुटला होता. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्या माणसांनी भरलेल्या. कुठून तरी "काप्यो छे!" अशी आरोळी उठली की पाठोपाठ थाळ्या वाजत. चारुलता फिरकी धरून उभी होती आणि हेरंब पतंग चढवत होता. चोपन्न वर्षांचा हा भाऊ पतंग हातात आला की अजून जीभ दातांत धरतो, हे पाहून उषाला बरं वाटलं. मग तिचं लक्ष दुसऱ्या कोपऱ्याकडे गेलं. दादा खुर्चीत बसला होता, डोक्यावर टोपी, नवीन चष्मा, हातात पेपर. पेपर उलटत नव्हता.

फिरकी नेहमी दादा धरायचा. त्यांच्या लहानपणी हेरंब सात वर्षांचा, दादा एकोणीस-वीसचा. कॉलेजातले मित्र बोलवायला आले तरी दादा हलायचा नाही. ढील दे, खेच, ढील दे. मांजा कधी सोडायचा ते हेरंबला सांगावं लागत नसे. आज तीच फिरकी चारुलता धरत होती आणि दर पाच मिनिटांनी गुंता होत होता.

"वन्सं," गुंता सोडवत चारुलता हळूच म्हणाली, "तुम्ही सही थांबवलीत तर दादाही थांबतील हो. तुम्हाला दिलेल्या शब्दाखातर ते अडलेत."

"मी कशाला थांबवू?"

"ह्यांचं बघा ना. पहाटे साडेपाचला आत जातात, सातला आंघोळ, साडेसातला कंपनीची बस. संध्याकाळी आले की चहा आतच. एकेक बगलफूट स्वतःच्या हाताने खुडतात. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत, त्यानंतर हेच करायचं म्हणतात. त्यांना दुसरं काही नकोय."

"मला नाही का वाईट वाटत?" उषा एकदम म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला रागही आला. "चारू, मला त्या प्लॉटचं काय करायचंय? मला सुरतेत राहायला घर आहे, माझे यजमान आहेत, सगळं आहे. मला माहेर हवंय. दीड वर्षं मी इथे येते आणि तू खाली जाऊन सांगतेस, वहिनी वर येऊन सांगते. दिवाळीला मी दोघांना एका ताटात ओवाळलं तर दोघे दोन दिशांना बघत होते. भांडण त्या जागेवरून आहे ना? मग जागाच नको. जागा गेली की भांडायला उरलं काय?"

चारुलता गुंता सोडवायची थांबली. हे तिला नवीन होतं. एवढे दिवस तिने नणंदेला मनातल्या मनात बरंच काही म्हणून घेतलं होतं.

"आणि जागा जाऊनही नाही बोलले तर?" तिने विचारलं.

उषाने त्याचा विचार केला नव्हता असं नाही. रात्ररात्र केला होता. ती म्हणाली, "तर मग मी यायचं बंद करीन." आणि पोंक निवडायला खाली निघून गेली.

*

गुणवंतभाई बरोबर चार वाजता आले. हातात जिलबीचा पुडा, खांद्यावर गच्चीवरून आलेल्या कुणाच्या तरी मांजाचा गुलाबी तुकडा. "केम छो वसंतकाका? चालो, कमूरतां पूरां थयां!" त्यांचे वडील बापूसाहेबांकडे यायचे, त्यामुळे गुणवंतभाई या घरात बिल्डरसारखे वागत नसत, पाहुण्यासारखे वागत. निरुपमाबाईंनी सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोला असं मात्र त्या कुणालाच म्हणाल्या नाहीत. त्या घरात ते म्हणणं बोचलं असतं.

"वहिनी," हेरंब म्हणाला, "दादांना म्हणावं आधी आत जाऊन येऊ."

"अहो, आधी आत जाऊन येऊ म्हणतात."

"चला म्हणावं," वसंतराव काठी घेऊन उठले.

हेरंबने पहिलं दार उघडलं, सगळ्यांना मधल्या चिंचोळ्या जागेत घेतलं, ते दार नीट लावलं आणि मगच दुसरं उघडलं. या दोन दारांचा त्याला फार अभिमान होता. पांढरी माशी आत आली की रोग आला. गेल्या दीड वर्षात त्याने एकही किडा आत येऊ दिला नव्हता. आत पाऊल टाकताच टोमॅटोच्या पानांचा तो उग्र, हिरवा वास अंगावर आला आणि उषाच्या तोंडून निघालंच, "अगंबाई!"

आठ ओळी, ओळीत पन्नास झाडं. वरच्या तारेवरून सुतळ्या सोडलेल्या आणि प्रत्येक सुतळीला एक वेल पिळा घालत वर गेलेला. खालच्या अंगाला लालभडक टोमॅटोंचे घोस, त्यावर केशरी, वर हिरवे, अगदी शेंड्याला पिवळी फुलं. खाली काळ्या नळ्यांतून थेंब थेंब पाणी. बाजूचे पडदे गुंडाळून वर घेतले होते, तरी जाळीतून वाऱ्याची झुळूक काही येत नव्हती. छतावर कटलेले दोन पतंग अडकून पडले होते, त्यांच्या लाल-निळ्या सावल्या पानांवर पडल्या होत्या.

हेरंबने बोलायचं ठरवलं होतं तसं तो बोलू लागला. गेल्या वर्षी झाडामागे अर्धा किलो. यंदा आत्तापर्यंतच दोन किलो उतरलेत, मार्चअखेर आणखी चार तरी उतरतील. एक शेंडा ठेवायचा, बाकी फुटवे खुडायचे, म्हणजे झाडाची सगळी ताकद फळात जाते. वेल तारेला टेकला की सुतळी ढिली करून खाली उतरवायचा. आणि बोरॉन. बोरॉनवर तो थोडा जास्तच बोलला. वसंतराव पाठीमागे पहिल्या ओळीच्या तोंडाशी उभे राहून वर बघत होते.

गुणवंतभाईंनी एक टोमॅटो तोडून तसाच चावला, रस शर्टावर सांडला. "सरस छे, हेरंबभाई. आवुं मार्केटमां क्यां मळे छे!"

हेरंबला आशा वाटली. त्याने उषाकडे पाहिलं. उषा वाकून एका झाडाकडे पाहत होती. मग पुढच्या. मग ती ओळीतून चालत गेली आणि पलीकडून परत आली.

"हेरंबदादा, हे काय आहे? लाल-केशरी संपून हिरवे सुरू होतात ना, तिथे मधे एक रिकामाच आहे. नुसती काडी. त्याच्या वरच्यालाही अर्धेच धरलेत."

"असेल एखादं झाड."

"एखादं नाही. सगळी. सगळ्यांना तिथेच."

हेरंबने पाहिलं. रोज पाहत होता तो, पण एकेक झाड पाहत होता. कुठे फूट आली, कुठे पान पिवळं पडलं. मागे सरून सगळी ओळ एकदम अशी त्याने पाहिलीच नव्हती. कमरेच्या वर, एकाच उंचीवर, चारशेच्या चारशे झाडांना एक घोस रिकामा होता. कुणी दोरी धरून रेघ मारावी तसा. काहींवर सुपारीएवढी दोन-तीन कडक फळं, बाकीच्यांवर वाळलेले देठ.

"थंडी पडली असेल तेव्हा," तो म्हणाला. पण थंडी तर डिसेंबरात पडली, आणि हे त्याआधीचं.

"म्हणजे तुझं बोरॉन त्या आठवड्यात कुठे गेलं होतं?" उषाने विचारलं. तिला टोचायचं नव्हतं, पण टोचलं. "पुन्हा असंच झालं तर? गेल्या वर्षीसारखं?"

हेरंब गुडघ्यावर बसला आणि मोजू लागला. कारखान्यात एखादं यंत्र बंद पडलं की तो असाच मोजू लागे. आठवड्याला एक घोस फुलतो. शेंड्याच्या फुलापासून खाली यायचं. हा आजचा. हा गेल्या आठवड्यातला. ही एकतीस डिसेंबर. त्याचं बोट एकेका घोसावरून उतरत गेलं. खालून मोजला तर तो रिकामा घोस सातवा होता. वरून मोजला तर आठ आठवडे मागचा.

"नोव्हेंबरचा तिसरा आठवडा," तो म्हणाला. "चारू, तेव्हा काय होतं? लाइट गेली होती? पाणी?"

"काही नाही हो. माझ्या परीक्षा होत्या. आणि..." चारुलता थांबली. "तेव्हा दादांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दहा दिवस त्यांना खोलीबाहेर जायचं नव्हतं."

"त्याचा काय संबंध?" हेरंब म्हणाला.

निरुपमाबाई पदराशी चाळा करत होत्या. बाहेर कुठल्याशा गच्चीवर थाळ्या वाजल्या.

हेरंब उठला. वसंतराव पहिल्या ओळीच्या तोंडाशी होते तिथे गेला. त्यांच्याकडे न बघता त्याने वरच्या तारेकडे पाहिलं. तारेच्या टोकाला, बोटभर जागेत, गंज आणि धूळ पुसली जाऊन लख्ख चमक आली होती. ही चमक त्याने महिन्याभरापूर्वी पाहिली होती. उन्हाने तार ताणली जाते, घासत असेल असं मनाशी म्हणून पुढे गेला होता. दुसऱ्या ओळीची तार पाहिली. तिथेही तेच. आठही ओळींना, टोकाशी, माणसाचा हात काठी उचलून पोहोचेल तेवढ्याच उंचीवर. मग त्याने काठीकडे पाहिलं. बापूसाहेबांच्या काठीच्या पितळी मुठीवर तारेच्या घासण्याच्या रेघाच रेघा पडल्या होत्या.

तो इंजिनिअर होता. वारा बंद केला, माश्या बंद केल्या, दोन दारं लावली, आणि मग फुलं का गळतात म्हणून वर्षभर खतं बदलत बसला. हे एवढंसं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि ते ज्याच्या ध्यानात आलं त्याने ते सांगितलं नव्हतं, करून टाकलं होतं. रोज. फक्त सुट्टीचे वार आणि डोळा बांधलेले दहा दिवस सोडून.

दीड वर्ष तोंडातून न निघालेला शब्द निघायला थोडा वेळ लागला.

"दादा," हेरंब म्हणाला. "किती वाजता येतोस?"

निरुपमाबाई सवयीने वसंतरावांकडे वळल्या, निरोप द्यायला. मग थबकल्या आणि त्यांनी पदर तोंडावर घेतला.

"अकराला," वसंतराव म्हणाले. "साडेअकरापर्यंत होतं. मोहनराव म्हणाला, दव वाळल्यावर."

"मला सांगायचं होतंस."

"बोलत होतो का आपण?"

हेरंब हसायला गेला आणि ते जमलं नाही. त्याने बाही डोळ्यांवरून फिरवली. बाहीला टोमॅटोचा चीक होता, तो डोळ्यांत गेला आणि डोळे आणखीच वाहायला लागले.

"मग जागा द्यायला का तयार झालास?"

"उषाला शब्द दिला होता." वसंतराव काठीवर टेकले. "ती पहिल्यांदाच काही मागत होती. तिला नाही कसं म्हणू? आणि फुलं गळताना बघवेना, तेही खरंच. दोन्ही खरं, त्याला मी काय करू?"

"मी जागा मागितलीच नव्हती," उषा म्हणाली. ती आता उघडउघड रडत होती आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती. "तुम्ही बोलावं म्हणून मागत होते. दोघेही मूर्ख आहात. एक आत येऊन तारा बडवतो, एकाला वाटतं बोरॉन आहे. दादा, तुझा शब्द मी परत केला. घे."

"असा परत करता येतो का?"

"मी मागितला, मी परत करते. त्याच्या बदल्यात मला ही तिसरी ओळ हवी. सुरतेला पेट्या पाठवायच्या, दर आठवड्याला. आणि रिकामा घोस चालायचा नाही."

गुणवंतभाई एवढा वेळ टोमॅटो हातात धरून उभे होते. त्यांना मराठी बऱ्यापैकी समजत असे; या घरात तर सगळंच समजत असे. त्यांनी रुमालाने शर्ट पुसला आणि वसंतरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, मने कोई उतावळ नथी. जगा तो क्यांय जती नथी." मग जाता जाता हेरंबला म्हणाले, "बे किलो बांधी आपजो."

चारुलता पिशवी आणायला धावली.

*

एकेक जण बाहेर गेलं. उषाला गच्चीवर जायचं होतं, अजून तासभर ऊन होतं. निरुपमाबाई चहा टाकायला गेल्या. सहाही टॉवेल आता एकदम उकळत्या पाण्यात टाकायचे असं त्यांनी ठरवलं, आता ते लपवायची गरज उरली नव्हती.

वसंतराव मागे राहिले. त्यांना तशी घाई नव्हती. पंधरवड्यापासून त्यांना एक ओळ खटकत होती, सहाव्या ओळीतली तार सैल झाली होती आणि ठोकल्यावर नीट झणझणत नव्हती. ती त्यांनी हेरंबला दाखवली. हेरंबने खिशातला पाना काढून तिथल्या तिथे आवळली. मग दोघे भाऊ ओळींमधून हळूहळू दाराशी आले. आतलं दार उघडलं, मधल्या चिंचोळ्या जागेत उभे राहिले, आतलं दार लावलं. तिथे दोन माणसांना उभं राहायचं तर खांद्याला खांदा लागतोच.

जाळीतून रामफळाचा खुंट दिसत होता. हेरंबने तो मुळासकट काढला नव्हता, काढवलाही नव्हता.

"विचारायला हवं होतं मी," तो खुंटाकडे बघत म्हणाला.

"हो," वसंतराव म्हणाले. "हवं होतं."

त्यांनी ते कमी केलं नाही आणि वाढवलंही नाही. वरून उषाची हाक आली, हेरंबदादा, वारा पडायच्या आत ये. हेरंबने बाहेरच्या कडीला हात घातला.

"थांब," वसंतराव म्हणाले. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली, चष्मा सारखा केला. तीन महिने ते या दारातून रोज आत आले होते, पण कुणाला विचारून यावं असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. "हेरंब, उद्या अकराला आत येऊ का?"

हेरंबने कडीवरचा हात काढला. उद्या वासी उत्तरायण, म्हणजे सणाचा दुसरा दिवस, कारखान्याला सुट्टी होती.

"ये," तो म्हणाला. "मीही आहे. पण आत्ता आधी वर चल. चारूला फिरकी धरता येत नाही."